डावीकडचा पेला

४ जून

प्रिय भाबड्या,

लहानपणी ठेवलेलं नाव पन्नाशीला आलास तरी तुला शोभतं, म्हणून बदलत नाही. फोन करू नकोस म्हटलं त्याचा राग मानू नकोस. फोनवर बोलले की हे पलंगावरून सगळं ऐकतात आणि मग दिवसभर डोळे वटारून बघत राहतात. पत्राला आवाज नसतो.

यांची तब्येत आहे तशीच. अर्धांगाच्या झटक्यात उजवं अंग गेलं ते गेलंच. तोंडातून शब्द फुटत नाही, पण डॉक्टर म्हणतात, कळतं सगळं. म्हणजे घरात फार काही बदललेलं नाही. आधी तरी हे माझ्याशी कुठे बोलत होते? डावा हात चालतो, म्हणून पाण्याचा पेला पलंगाच्या डाव्या बाजूच्या स्टुलावर ठेवते. हात लांबवतात, आपलं आपण पितात. सकाळी एक मावशी येतात, अंग पुसून, कपडे बदलून, भरवून जातात. बाकी दिवसभर आम्ही दोघं. आणि शनिवारी टीव्हीवर तुमची मालिका.

यांचं रहस्यकथांचं वेड तुला माहीत आहेच. "कथेत कुठलीही वस्तू उगाच ठेवलेली नसते," हे ऐकून माझे कान किटले. निम्मी गोष्ट व्हायच्या आत खुनी कोण ते सांगून मोकळे व्हायचे, आणि मेलं बरोबर निघायचं. शेवट काय याची उत्सुकता मला लग्नानंतर कधी मिळालीच नाही. आता हे गप्प बसून बघतात आणि मी बोलते. बघ कसे दिवस फिरतात.

तर सांग. मालिकेतल्या मालकांच्या खोलीतलं घड्याळ बंद का? आणि मालकीणबाई पिंजऱ्याचं दार उघडं ठेवते तरी पक्षी उडत नाही, ते तिच्याबद्दलच आहे ना? मी यांना तसं सांगितलं तर यांनी तोंड फिरवलं. तू तिथला माणूस, तूच निवाडा कर.

तुझी ताई


११ जून

ती. ताईस,

अनेक नमस्कार. तुझं अक्षर अजून तसंच टोकदार आहे, बघून बरं वाटलं.

निवाडा ऐकून तुझी निराशा होईल. घड्याळ बंद असतं कारण त्याची टिकटिक माइकमध्ये येते. सेल काढून माझ्या खिशात ठेवलेला असतो. पक्षी उडत नाही कारण तो लाकडाचा आहे, वरून पिसं चिकटवलीत. आणि पिंजरा टांगला कारण भिंत मोकळी दिसत होती. आमचे दिग्दर्शक प्रेक्षकांची पत्रं मोठ्याने वाचतात आणि म्हणतात, "अर्थ लोक घरून घेऊन येतात, आपण फक्त सामान पुरवायचं."

ते सामान मी पुरवतो. माझं मुख्य काम म्हणजे मागच्या शॉटमध्ये वस्तू जिथे होती तिथेच ती पुढच्या शॉटमध्ये ठेवणं. जेवणाच्या सुट्टीआधी चहाचा कप अर्धा होता तर सुट्टीनंतरही अर्धाच हवा. फुटणाऱ्या वस्तू एकसारख्या चार आणून ठेवायच्या. मालकांचा तो निळा पेलासुद्धा असा चार भावंडांतला एक आहे.

मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस, मला खोल काही कळत नाही. पण सेट लावून झाला, दिवे लागायच्या आधी तिथे एकटा उभा राहिलो की वाटतं, आपणही अशाच कुणीतरी मांडून ठेवलेल्या वस्तू आहोत. फक्त त्या मांडणाऱ्याने आपल्याला भिंत मोकळी दिसते म्हणून टांगलेलं नसावं, एवढीच श्रद्धा.

तू भाऊजींजवळ बसून त्यांना एकेक गोष्ट समजावून सांगतेस हे वाचून मन भरून आलं. आजारपणात माणसं जवळ येतात ती अशी.

तुझा
भाबड्या


२५ जून

प्रिय भाबड्या,

तुझं घड्याळपुराण यांना वाचून दाखवलं नाही. लाकडाचा पक्षी म्हणे! आमची एवढी एक करमणूक, तीही मोडतोस.

पण मागच्या शनिवारचं खरं सांग. मालक आजारी, कुणीतरी त्यांना थोडं थोडं विष देतंय हे आम्हांला माहीत आहे. संशय तिघांवर: मालकीणबाई, डॉक्टर आणि मालकीणबाईंचा तो भाऊ, ज्याला घरातले सगळे मामा म्हणतात. निळा पेला पलंगाच्या उजवीकडे होता. मी नीट बघितलंय. मालकीणबाई वाकली, उशी सारखी केली, आणि पुढच्या क्षणी पेला डावीकडे! मालकांनी उचलला, घोट घेतला आणि पेला हातातून गळला.

मी बोलायच्या आत यांनी स्टुलावर टकटक केली. तुला ती टकटक आठवत असेल. उजव्या हातातल्या अंगठीने दोनदा, टेबलावर. पाणी हवं की दोनदा, जेवण वाढायचं की दोनदा, माझी पाठ दिसली तरी दोनदा. मला नाव आहे हे या घरात फक्त पोस्टमनला माहीत होतं. आता उजवा हात निपचित, म्हणून डाव्या हाताच्या नखाने केली आणि पडद्याकडे बोट दाखवलं. यांनाही दिसलं होतं! पेला हलला ते आम्हां दोघांनाही दिसलं. लग्न झाल्यापासून आमचं पहिल्यांदाच एकमत झालं म्हण.

मग यांची नजर पडद्यावरून हळूहळू आपल्या स्टुलावर आली. तिथे आमचा साधाच पेला, रोजचा. डावीकडे.

मी काही बोलले नाही. मला सांग, तिने पेला का हलवला? विष होतं तर उजवीकडे ठेवूनही चाललं असतं.

तुझी ताई


२ जुलै

ती. ताईस,

नमस्कार. पेल्याबद्दल काही सांगता येणार नाही, आम्हां सगळ्यांना तशी तंबी आहे. तुझी नजर तीक्ष्ण आहे एवढंच म्हणतो. तुझ्यासारखी शेकडो माणसं तेच विचारताहेत. दिग्दर्शक खूश आहेत. काल मला सगळ्यांसमोर जवळ घेतलं, का ते मात्र मला सांगायची सोय नाही. आता दर भागात डावीकडचा पेला दिसेल आणि त्यावर संगीत वाजेल.

मालकीणबाईचं काम करणाऱ्या बाईंनीही तुझाच प्रश्न विचारला, "ही पेला का हलवते?" दिग्दर्शक म्हणाले, "ते तुम्ही शोधा." बाई बिचाऱ्या दुपारभर पलंगाभोवती फेऱ्या मारत होत्या. मला वाटतं, तिच्या मनात पाप नसावं. इतकी वर्षं ज्याची सेवा केली त्याला कुणी असं मारील का? तुझ्याकडे बघून मी हे म्हणतो.

भाऊजींनी तुला दाखवायला बोट उचललं, ही सुधारणाच आहे. रोज प्रार्थनेत त्यांचं नाव घेतो.

तुझा
भाबड्या


२० जुलै

प्रिय भाबड्या,

तुझ्या प्रार्थनेचा गुण म्हणावा की काय, हे आता माझ्यावरून नजर हटवत नाहीत.

तुझ्या संगीतवाल्या भागानंतर दुसऱ्या दिवशी पेला भरून ठेवला. यांनी हात लांबवला, बोटं पेल्याला टेकली आणि थांबली. मग माझ्याकडे बघितलं. एवढ्या संसारात माझ्याकडे असं नीट बघितल्याचं मला आठवत नाही. मी खिडकीशी बसून भाजी निवडत होते. हात परत गेला. संध्याकाळी पेला भरलेला होता तसा ओतून टाकला, विसळला, नवा भरून तिथेच ठेवला. डावीकडेच ठेवते, कारण डावाच हात चालतो. डॉक्टरांनी सांगितलं आहे तसंच सगळं करते.

मावशींच्या हातून मात्र घटाघटा प्यायचे. नुसतं पाणी पाणी. मग चादरी बदलायच्या कुणी? म्हणून मावशींचं येणं थांबवलं. सगळं मीच करते. भरवलं तर डोळे मिटून दोन चमचे घेतात, मग ओठ घट्ट. तोंडावरून ओलं फडकं फिरवलं तर ते दातात धरून चोखतात. लहान मुलासारखं. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू.

बोटं सुजायला नकोत म्हणून यांची अंगठी काढून ठेवली आहे.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मलाच सापडलं बघ. तिने विष घातलंच नाही. तिने फक्त पेला हलवला. विष कुठे आहे ते त्या माणसाने स्वतः ठरवायचं. आयुष्यभर दुसऱ्याच्या हातचं पाणी मागून प्यायलेल्या माणसाला एवढं तरी स्वतः ठरवता यावं की नाही?

आई गेल्याचा निरोप घेऊन तू दारात उभा होतास, आठवतं? मी चप्पल घातली होती. आतून टकटक झाली. यांना पाणी हवं होतं. मी चप्पल काढली, पाणी दिलं, ते सावकाश प्यायले, पेला विसळून पालथा घातला, मग निघालो. आपण पोचलो तेव्हा सगळं आटपलेलं होतं. आईचं तोंड मला दिसलं नाही. परतीच्या वाटेवर तू म्हणालास, "ताई, तुझी सेवा देव बघतोय." तेव्हाही तू असाच होतास.

तुझी ताई


२६ जुलै

ती. ताईस,

हे पत्र भाऊजींसमोर उभं राहून मोठ्याने वाच, ही हात जोडून विनंती.

भाऊजी, तो पेला कुणीही हलवला नाही. ती माझी चूक होती. जेवणाच्या सुट्टीनंतर मी पलंगाच्या दुसऱ्या अंगाने आत शिरलो आणि उजवीकडची वस्तू डावीकडे ठेवली. मागच्या शॉटचा फोटो ताडून बघायचा तो बघितला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, भाग दाखवला गेला आणि लोकांना त्यात अर्थ दिसला. दिग्दर्शकांना तो आवडला. आधी खुनी मालकीणबाईंचा भाऊ ठरला होता, तो मामा. माझ्या चुकीमुळे गोष्ट फिरवून मालकीणबाईवर आणली. डावीकडच्या पेल्याला काहीही अर्थ नाही. त्यात पाणी असतं, तेही आमच्या नळाचं. देवाशपथ सांगतो.

ताई, तू बोलली नाहीस तरी त्यांच्या मनात काय बसलंय ते तुला दिसत असेलच. दिवसभराच्या कामात तुझ्या ध्यानात आलं नसेल कदाचित. पेला आता उजवीकडे ठेव. तू स्वतः एक घोट घेऊन दाखव आणि मग तुझ्या हाताने त्यांच्या ओठांना लाव. डॉक्टरांना लगेच बोलाव. मला इथून सुटी मिळेना, पण प्रयत्न करतोय.

आईचं तू लिहिलंस ते वाचून रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण ताई, ते वेगळं आणि हे वेगळं.

तुझा
भाबड्या


५ ऑगस्ट

प्रिय भाबड्या,

तू सांगितलंस तसं अक्षरशः सगळं केलं. उगाच नंतर बोल नको.

पत्र मोठ्याने वाचलं. दोनदा. कागद यांच्या डोळ्यांपुढे धरला. यांनी कागद बघितला, मग मला. तुला यांचे नियम माहीत नाहीत, मला पाठ आहेत. संशयिताच्या नातेवाइकाची साक्ष आधी बाद करायची. ज्या चिठ्ठीत "याला काहीही अर्थ नाही" असं लिहिलंय ती चिठ्ठी सगळ्यात महत्त्वाची. आणि जो देवाची शपथ घेतो त्याच्यावर नजर ठेवायची.

पेला उजवीकडे ठेवला. तिथे यांचा हात पोचत नाही. तरी दिवसभर तिथेच ठेवला, तुझा शब्द मोडायला नको.

मी स्वतः घोट घेतला. चांगला अर्धा पेला प्यायले, यांच्याकडे बघत. यांच्या गळ्याची घाटी माझ्या प्रत्येक घोटाबरोबर वर-खाली होत होती. मग ओठांना लावला तर दात घट्ट. कारण शनिवारच्या भागात तुमच्या मालकीणबाईनेही आधी स्वतः घोट घेतला होता. तुम्ही लोक पण कमाल आहात.

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "पाणी पीत नाहीत का?" म्हटलं, "हा बघा, भरलेला पेला शेजारीच असतो." हे डाव्या हाताने आधी पेला दाखवायचे, मग मला, मग टीव्ही. पुन्हा पेला, मी, टीव्ही. डॉक्टर म्हणाले, "मालिका बघायची दिसते, लावा की हो." आणि यांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "बाई एवढं करताहेत, तुम्ही हट्ट सोडा." सलाइनची एक बाटली लावून गेले. जाताना मला म्हणाले, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत.

तू म्हणतोस, माझ्या ध्यानात आलं नसेल. असंच म्हणत राहा. तुझ्या तोंडून बरं वाटतं.

तुझी ताई


९ ऑगस्ट

ती. ताईस,

सुटी मिळाली. येत्या मंगळवारी पोचतो. तोवर ओल्या फडक्याने तरी त्यांचे ओठ भिजवत राहा, पाया पडतो.

एक सुचलं आहे. त्या चारांपैकी एक निळा पेला बरोबर आणतो. सेटवरची वस्तू बाहेर नेऊ नये असा नियम आहे, पण एका जिवापुढे नियम काय? तो पेला भाऊजींच्या हातात देईन. तळाला दुकानाची चिकटपट्टी अजून आहे, ती दाखवीन. बाजारातली साधी काच आहे हे एकदा हाताला कळलं की मनातलं भूत जाईल. हे तुला बरं वाटत नसेल तर लगेच कळव, नाही आणणार.

तुझा
भाबड्या


११ ऑगस्ट

भाबड्या,

ये. पेला अवश्य आण.

ताई


२४ ऑगस्ट

ती. ताईस,

तिथून परतल्यापासून तुझं पत्र नाही. मला जेवण जात नाही. त्या दिवसाचं कुणाशी बोलू? दिग्दर्शकांशी की देवाशी? देवापुढे बसतो, तर हात जोडले जात नाहीत.

मी खोलीत आलो तेव्हा भाऊजींनी मला ओळखलं. तू म्हणतेस ते वटारलेले डोळे मला दिसले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला, ओढला, तळवा आपल्या तोंडाशी नेला आणि ओठ त्यावर घासले. मला वाटलं, माया उफाळून आली. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी "ये, बस" म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते माझ्या हातून पाणी मागत होते, ताई. माझ्या ओंजळीतून ते प्यायले असते. मोरी खोलीतच होती.

आणि मी हात सोडवून घेतला आणि पिशवी उघडली.

निळी काच कागदातून बाहेर आली तेव्हा त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो मी माणसाचा म्हणून कधी ऐकलेला नाही. मी म्हणत राहिलो, "भाऊजी, नुसती काच आहे, बघा तर खरं." पेला स्टुलावर ठेवून चिकटपट्टी दाखवायला गेलो. डावीकडेच ठेवला मी. तीच चूक पुन्हा केली. ते चालत्या हाताने स्वतःला दुसरीकडे रेटत गेले, पलंग संपला तरी रेटत गेले. मी त्यांना उचलेपर्यंत दुसरा झटका येऊन गेला होता. डॉक्टर आले ते फक्त कागदावर सही करायला.

ताई, तू दारात उभी होतीस. पिशवीत काय आहे ते तुला माहीत होतं. मी विचारलं होतं तुला. नको म्हणाली असतीस तर नसता आणला. मी कागद सोडत होतो तेव्हाही "थांब" म्हणता आलं असतं. तू फक्त बघत होतीस, शेवटचा भाग बघावा तशी.

तुला ठाऊक नव्हतं, असं एकदा लिही. माझ्यासाठी लिही.

तुझा
भाबड्या


३ सप्टेंबर

प्रिय भाबड्या,

लोक येऊन जाऊन संपले. सगळ्यांनी एकच विचारलं, "शेवटी जवळ कोण होतं?" मी म्हटलं, "माझा भाऊ होता, त्याच्या हातावरच गेले." सगळ्या बायकांनी डोळे पुसले.

मी काय केलं ते तूच सांग. पाणी भरून ठेवलं. शिळं ओतलं, ताजं भरलं. माझ्या तोंडून एक वावगा शब्द गेला नाही. बोलत होतास तू आणि तुझी मालिका. वाचत होते हे. आयुष्यभर मला सांगायचे, तुला काय कळतं, वस्तू वाचाव्या लागतात. वाचल्या त्यांनी.

तुला हवं ते वाक्य मी लिहू शकते. मला ठाऊक नव्हतं. घे, लिहिलं. आता याचा अर्थ तू तुझ्या घरून आण.

यांची अंगठी मी घालते. सैल होते, दोरा गुंडाळला आहे. आज सकाळी टेबलाशी बसून सहज दोनदा टकटक केली. कुणी आलं नाही. मग उठले, माझं मीच पाणी घेतलं आणि खुर्चीत बसून सावकाश प्यायले.

तुझा पेला परत पाठवते आहे. त्या दिवशी पडला, गडगडत पलंगाखाली गेला, पण साधा तडासुद्धा गेला नाही. चारांतला एक हरवला तर तुझ्यावर यायचं. मागच्या शॉटमध्ये होता तिथेच ठेव.

शनिवारी शेवटचा भाग बघितला. एकटीने, आणि पहिल्यांदाच शेवट आधी माहीत नसताना. बायकोवर सगळ्यांचा संशय आला म्हणून तुमच्या दिग्दर्शकांनी पुन्हा गोष्ट फिरवली ना? यांनी डोळे मिटून बायकोवर पैज लावली असती आणि हरले असते. मी टाळी वाजवली.

खुनी बायकोचा भाऊच निघाला. चेहऱ्याने इतका भाबडा होता बिचारा, शेवटपर्यंत त्याचं त्यालाही कळलं नसावं.

तुझी ताई